लाकडी चरकाचा रस खरंच वेगळा असतो का? गोल ओंडक्यामागचं गणित समजून घ्या

मार्च उजाडला की नांदेड-लातूर पट्ट्यात रस्त्याकडेला रसवंत्या उभ्या राहतात. ताडपत्रीचा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, उसाची मोळी आणि घुंगरांचा आवाज. गेल्या काही वर्षांत यात एक पाटी वाढली आहे : 'लाकडी चरकावरचा ताजा रस'. कुठे खरोखर बैल फिरतो, कुठे बैलाच्या जागी मोटर असते. ग्राहक थांबतो, मोबाइल काढतो, रील करतो आणि साध्या रसवंतीपेक्षा चार पैसे जास्त देऊन ग्लास संपवतो.

पाटीवर सहसा तीन दावे असतात. लोखंडाचा स्पर्श नाही, रस गरम होत नाही, चव वेगळी. यातलं खरं किती हे बघायचं तर आधी चरकातले ते लाकडी रोलर बघायला हवेत. ते कोण बनवतं, कशाचे बनवतं आणि ते चुकीचे बनले तर काय होतं, हा प्रश्न पाटीपेक्षा महत्त्वाचा आहे. कारण तुमच्या ग्लासात येणारा प्रत्येक थेंब त्या लाकडावरून ओघळून आलेला असतो.

'नवरा-नवरी'ची जोडी

लाकडी चरक ही नवी कल्पना नाही. लोखंडी चरक येण्याआधी गुऱ्हाळं लाकडीच होती. १८८०च्या दशकात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये पुणे भागातल्या गुऱ्हाळाचं वर्णन आहे. बाभळीचे दोन जाडजूड उभे ओंडके, वरच्या भागात एकमेकांत अडकणारे तिरके दात, आणि या जोडीला नाव 'नवरा-नवरी'. एक फिरला की दुसऱ्याला फिरावंच लागतं, आणि दोघंही उलट दिशेनं फिरतात. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती, एवढं नक्की.

ते तिरके दात नीट बघण्यासारखे असतात. मळसूत्रासारखा पीळ देऊन ते लाकडात कोरलेले असतात. साध्या सरळ दातांत एका वेळी एकदोन दातांवरच सगळा भार येतो, आणि लाकडाचा सरळ दात अशा धक्क्यानं मोडतो. पिळाचे दात हळूहळू एकमेकांत शिरतात, भार पसरतो आणि धक्का कमी होतो. आजच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये हेलिकल गिअर असतात ते याच कारणासाठी. कापसातून सरकी काढायच्या जुन्या हातचरखीतही दोन दांडे असेच मळसूत्री दातांनी जोडलेले असत. तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी भारतीय कारागिरांच्या या पद्धतीची खास नोंद घेतली आहे.

त्याहून मागे जायचं तर लांब जायला नको. मराठवाड्यातच, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत सपाट पाट्यावर लाटणं फिरवून सरकी वेगळी करणारी बाई दिसते, असं अभ्यासक सांगतात. लाटणं फिरवून दाब द्यायचा आणि जे हवं ते बाहेर काढायचं, ही युक्ती आपल्याकडे किमान दीड हजार वर्षं जुनी आहे.

मग लाकूड मागे का पडलं? १८७०च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथं थॉमसन आणि मिल्न या दोघांनी लोखंडी रोलरचा छोटा चरक बाजारात आणला. तो हलका होता, उसाचे तुकडे न करता चालायचा आणि रस जास्त काढायचा. पुढे आपल्याकडे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून नांगरांसोबत उसाचे लोखंडी चरकही निघाले. शेतकऱ्याचं गणित सरळ होतं. उसाच्या वजनात साधारण दहा ते पंधरा टक्के चोथा असतो, बाकी बहुतेक सगळा रस. त्यातला जितका जास्त बाहेर येईल तितका गूळ. लाकडी ओंडके घट्ट दाबायला गेलं की लाकूडच दबतं, त्यामुळे चोथ्यात रस राहायचा. लोखंडापुढे लाकूड हरलं ते इथं.

रसवंतीत मात्र गूळ करायचा नसतो. ग्लासमागे चार थेंब कमी आले तरी धंदा बुडत नाही. म्हणून लाकूड परत येऊ शकलं.

घुंगरांचं काय?

लोखंडी मशिनलाही घुंगरू बांधलेले असतात, ते का, हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडला असेल. सर्वसाधारण सांगितलं जातं ते असं : आधी चरक बैल ओढायचे, बैलांच्या गळ्यात घुंगरू असायचे, आणि तो आवाज म्हणजे 'रस तयार आहे' अशी हाक. बैल गेले, घुंगरू चाकावर आले. रसवंतीचं नाव 'कानिफनाथ' किंवा 'नवनाथ' असण्यामागेही असंच एक कारण आहे. पुरंदर तालुक्यातल्या बोपगावच्या आणि आसपासच्या अनेक कुटुंबांनी राज्यभर हा व्यवसाय नेला, आणि बोपगावचा कानिफनाथांचा गड हे त्यांचं श्रद्धास्थान. मराठवाड्यातल्या रसवंत्यांवरही ही नावं सर्रास दिसतात.

बैल किती जोर लावतो?

इथं थोडं गणित करू. बैल साधारण ताशी अडीच किलोमीटर वेगानं चालतो. चरकाचा आडवा दांडा तीन मीटर लांब धरला, तर एक फेरा झाला सुमारे १९ मीटरचा. म्हणजे मिनिटाला दोन-सव्वादोन फेरे. रोलरही तेवढेच फिरणार. पंखा सर्वात कमी वेगावर ठेवला तरी तो याच्या कितीतरी पट फिरतो.

पण जोर बघा. बैल दांड्याच्या टोकाला ४० किलोचा ओढ देत असेल आणि रोलरचा व्यास २५ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या साडेबारा सेंटिमीटर असेल, तर तीन मीटर भागिले साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे २४ पट. ४० किलोचा ओढ रोलरच्या कडेवर ९६० किलोचा होतो. घर्षणात बराच भाग जातो हे मान्य, तरीही उरतो तो जोर लाकूड फोडायला पुरेसा आहे. रोलरमध्ये आधीपासून एखादी बारीक चीर असेल तर ती पहिल्याच आठवड्यात उघडते.

म्हणून लाकूड निवडणं ही चरकातली सगळ्यात मोठी पायरी आहे.

कोणती बाभूळ?

जुने सुतार एका शब्दात उत्तर देतात : गावरान. गावरान बाभळीचं लाकूड जड, चिवट आणि धक्का सोसणारं असतं. बैलगाडीची चाकं, औत, कुळव, तेलाचा घाणा, सगळीकडे तीच वापरली गेली. तिच्यातलाच रामकाठी हा प्रकार सरळसोट वाढतो, त्यामुळे रोलरसाठी सोयीचा. रस्त्याकडेला आणि गायरानात माजलेली वेडी बाभूळ हे वेगळंच झाड. तेही कठीण असतं, पण खोड वाकडंतिकडं, आणि रोलरला लागेल एवढा सरळ जाड ओंडका क्वचित मिळतो.

इथं आपल्या भागाची अडचण सुरू होते. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. चांगली जुनी बाभूळ मिळाली तर ती कुणाच्या तरी बांधावरचीच. ट्रॅक्टर आले, बैलगाड्या गेल्या, तशी बांधावर बाभूळ राखायची गरजही संपली. तीस-चाळीस वर्षं जपलेलं खोड आता बहुतेक वेळा सरपणात जातं. रसवंतीवाल्याला ते हवं असतं तेव्हा मिळत नाही, मिळतं तेव्हा ते ओलं असतं.

आणि ओलं लाकूड हेच चरकाचं खरं दुखणं आहे.

लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेनं आकसतं. अख्ख्या गोल ओंडक्यात या दोन्ही ओढी एकाच वेळी काम करतात. परिणाम ठरलेला : सालीपासून गाभ्याकडे जाणारी पाचरीसारखी चीर. जाडीच्या दर इंचाला वर्षभर वाळवण, असा लाकूडकामातला ढोबळ हिशेब आहे. दहा इंची ओंडक्याला तो लावला तर रसवंती सुरू करायला दशक उलटेल!

यावर जुना उपाय उलटा वाटेल असा होता. ओंडका वाळवायच्या आधी काही महिने पाण्यात, डोहात किंवा विहिरीत बुडवून ठेवायचा. लाकडातले विरघळणारे पदार्थ पाण्यात उतरतात, कीड लागायचं प्रमाण कमी होतं, आणि नंतर सावलीत हळूहळू वाळवलं की चिरा कमी पडतात. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, तिची साल चामडं कमवायला वापरतात ती त्यामुळेच. न मुरवलेल्या ताज्या बाभळीवर रस काढला तर रसाला तुरट चव आणि काळपट रंग येऊ शकतो. ओंडक्याची दोन्ही टोकं मेण लावून बंद करणं हाही उपाय आहे, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकांतून सोडतं आणि टोकांतूनच पितं.

हे टोकांचं प्रकरण फक्त आपलं नाही. गवत कापायचं ढकलयंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानं १८३० साली पेटंट केलं. त्याला ती कल्पना कापडाची लव कापणाऱ्या गिरणीयंत्रावरून सुचली होती. पुढच्या काळात अशा अनेक यंत्रांना समोर लाकडी रोलर असायचा. आज ब्रिटनमध्ये ही जुनी यंत्रं दुरुस्त करणारे हौशी लोक आहेत, आणि लोखंड शंभर वर्षं टिकलं तरी हा लाकडी रोलर मात्र त्यांना नव्यानं कातून घ्यावा लागतो. ओल्या गवतावर फिरून फिरून लाकूड आस जिथून जातो तिथं, म्हणजे टोकाला, आधी कुजतं. चरकातही पहिली काळी कड तिथंच दिसते. रस पिण्याआधी रोलरकडे एकदा नजर टाकायची असेल तर ती मधल्या भागावर नाही, वरच्या-खालच्या टोकांवर टाका.

कातणं म्हणजे नेमकं काय?

लाकूड फिरवत ठेवून त्यावर पटाशी धरून ते गोल करायचं, याला मराठीत कातणं म्हणतात (सूत कातणं वेगळं). हे काम करणारा तो कातारी. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणं, भोवरा, सगळं त्याच्या हातचं. सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत, त्यातलंही बरंचसं काम याच जातीचं. आपल्याकडे हे काम करणारे आता थोडे उरले आहेत, कारण पलंग लोखंडी झाले आणि लाटणी बाहेरून पेटीबंद येतात.

चरकाचा रोलर लाटण्यासारखाच, फक्त मोठा. किती मोठा? २५ सेंटिमीटर व्यास आणि ६० सेंटिमीटर लांबी धरली, तर वाळलेल्या बाभळीचा एक रोलर भरतो जवळपास २३-२४ किलो. गोल व्हायच्या आधीचा ओबडधोबड ओंडका त्याहून जड.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्ही लाकडाचा एक जोड केला होता आणि त्यावरच सुतारकाम 'पूर्ण' झालं होतं. लेथ मात्र दोन सत्रं चालवली. तिथं शिकवलेली एक गोष्ट इथं तंतोतंत लागू पडते : तोल. हा २४ किलोचा ओंडका मध्यापासून फक्त एक सेंटिमीटर सरकून लेथवर बसला आणि मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरवला, तर प्रत्येक फेऱ्याला तो जवळपास ६५ किलोच्या जोरानं लेथला बाहेर ओढतो. सेकंदाला आठ वेळा. लेथ जमिनीत पक्की नसेल तर ती चालायला लागते, आणि ओंडका सुटला तर समोरच्या माणसाचं काही खरं नाही. तोच ओंडका मिनिटाला १०० फेऱ्यांवर ठेवला तर हा जोर पंचविसाव्या हिश्श्यावर येतो, अडीच-तीन किलो. म्हणून आधी करवतीनं आणि वाकसानं ओंडका अष्टकोनी करून घेतात, मग अगदी सावकाश फिरवून खडबडीत गोलाई काढतात आणि तोल आल्यावरच वेग वाढवतात.

एवढा ओंडका पलंगाच्या पायाच्या छोट्या लेथवर बसत नाही. मग चरक बनवणारा जातो एमआयडीसीतल्या लोखंडाच्या लेथवाल्याकडे. मोठी लेथ तिथं असते, पण लाकूड बघितलं की मालक कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर रास्त आहे. लाकडाचा भुसा लेथच्या सरकपट्ट्यांवरचं तेल शोषून घेतो, कोपऱ्यांत साचतो, ओलं लाकूड असेल तर गंज धरतो. दुसऱ्या दिवशी त्याच लेथवर शाफ्टचं अचूक काम करायचं असतं. त्यामुळे लाकूडकाम एकतर नाकारलं जातं किंवा साफसफाई धरून दर लावला जातो.

रोलर गोल झाल्यावर दात. हे काम लेथवर होत नाही. कागद किंवा दोरा पिळून ओंडक्यावर तिरक्या रेषा आखायच्या, आणि किकऱ्यानं, पटाशीनं एकेक दात कोरायचा. दोन्ही रोलरचे दात एकमेकांत सारखे बसले पाहिजेत आणि पीळ उलटसुलट पाहिजे. एक उजवा, एक डावा. दोन्ही एकाच पिळाचे कोरले तर उभ्या जोडीत ते एकमेकांत बसणारच नाहीत, आणि महिन्याची मेहनत सरपणात.

नक्षी कुठे शोभते, कुठे घात करते

नव्या चरकांवर नक्षी जोरात आहे. रोलरच्या टोकांना कातलेल्या कड्या, मधोमध खाचा, आणि काही ठिकाणी चक्क लाल-हिरवा ऑइलपेंट. टोकाजवळच्या, उसाला न लागणाऱ्या भागावर कड्या काढायला हरकत काहीच नाही. कातारी आपली सही तिथंच करतो. दाबाच्या भागावर उभ्या उथळ खाचा असतील तर त्याही कामाच्या आहेत, ऊस घसरत नाही.

मात्र दाबाच्या भागावर खोल, अरुंद, गोल फिरणारी नक्षी दिसली की समजा, बनवणाऱ्यानं फोटोसाठी काम केलं आहे. अशा खाचेत चोथा अडकतो आणि ब्रश पोचत नाही. उसाच्या रसात साखर भरपूर, पाणी भरपूर, आणि बाहेर लातूरचा ४० अंशांचा उन्हाळा. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू अशा ठिकाणी साखरेपासून बुळबुळीत थर बनवतात. साखर कारखान्यातले लोक हा प्रकार चांगला ओळखतात, तिथंही गाळपात तो डोकेदुखी असतो. रोलरला बोट लावून तो बुळबुळीत लागला, तर तो हाच थर.

रंगाबद्दल तर वादच नको. उसाला लागणाऱ्या लाकडावर ऑइलपेंट किंवा व्हार्निश नको म्हणजे नको. दाबाखाली ते सुटतं आणि रसात जातं. लाकडाला तेल पाजायचंच असेल तर खायचं, घाण्यावरचं कच्चं जवस तेल चालतं, कारण ते हवेत हळूहळू सुकून घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, खवट होतं. हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळणारं जवस तेल मात्र वेगळं, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार मिसळतात. ते दाराच्या चौकटीला ठीक आहे.

आता पाटीवरचे तीन दावे

'रस गरम होत नाही.' हे खरं आहे, पण लोखंडी मशिनमध्येही तो फारसा होत नाही. एक हॉर्सपॉवरची मोटर धरा, मिनिटाला एक लिटर रस धरा, आणि मोटरची सगळीच्या सगळी ऊर्जा उष्णता होऊन रसातच गेली असं अशक्य गृहीत धरा. तरी तापमान ११-१२ अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा गिअर, बेअरिंग आणि चोथ्यात जातो. मोळी उन्हात ठेवली असेल तर ऊस त्याहून जास्त तापलेला असतो. आणि शेवटी आपण त्यात बर्फ टाकतो! बर्फावरून आठवलं, राज्यात २०१८पासून खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम आहे. लादी निळी दिसली तर रस लाकडाचा की लोखंडाचा हा प्रश्न गौण.

'लोखंडाचा स्पर्श नाही.' यात थोडं तथ्य आहे. उसाच्या रसातले काही घटक लोखंडाशी मिळून रस काळपट करतात, आणि गंजका रोलर असेल तर चवही बिघडते. पण स्टेनलेस स्टीलच्या रोलरला हा आक्षेप लागू होत नाही. शिवाय रस हवेत उघडा राहिला की लाकडी चरकाचाही काळवंडतोच, सफरचंदाची फोड काळवंडते तसा.

'चव वेगळी.' हे जिभेवर सोडतो. एक शक्यता मात्र सांगता येते. लाकूड ऊस कमी पिळतं, त्यामुळे सालीचा आणि कांड्यांच्या पेरांचा तुरट अंश रसात कमी उतरत असावा. तेव्हा चवीचं श्रेय लाकडापेक्षा सौम्य दाबाला जास्त जातं. उसाची साल तासून घेतली तर लोखंडी मशिनवरही बराचसा तोच परिणाम मिळावा.

आणि लाकूड अस्वच्छ असतं का? सरसकट नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत डीन क्लायव्हर या संशोधकानं स्वयंपाकघरातल्या चिरण्याच्या फळ्यांवर प्रयोग केले. लाकडात शिरलेले जिवाणू वर येत नाहीत आणि हळूहळू मरतात, तर सुरीचे चरे पडलेली प्लास्टिकची फळी साफ करणं कठीण जातं, असं त्याला आढळलं. यातली अट महत्त्वाची : लाकूड मध्ये वाळलं पाहिजे. घरची फळी वाळते. सकाळी दहा ते रात्री दहा चालणारा चरक दिवसभर वाळतच नाही. म्हणून रोज रात्री कडक गरम पाण्यानं धुवून, जोडी सैल करून, हवा खेळेल असे रोलर उघडे ठेवणं हाच खरा उपाय. ओल्या गोणपाटानं झाकून ठेवणं हा सर्वात वाईट. त्यामुळे 'तुमचा चरक सुटतो का?' हा प्रश्न विकत घेणाऱ्यानं बनवणाऱ्याला आधी विचारावा. पक्का ठोकलेला, न सुटणारा चरक दिसायला भक्कम असतो, आणि धुता येत नाही.

सुटणाऱ्या चरकाचा आणखी एक फायदा आहे. हंगाम संपून मृग लागला की रोलर काढून सावलीत उभे ठेवता येतात, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा लेथवर चढवून वरचा झिजलेला, काळा पडलेला थर उतरवता येतो. प्रत्येक वेळी व्यास थोडा कमी होतो, तेवढे रोलर जवळ सरकवावे लागतात. हे सरकवणं दातांच्या खोलीइतकंच शक्य असतं. त्यापुढे दात एकमेकांत रुतून बसतात आणि चरक अडतो. म्हणून जाणकार सुतार दात मुद्दाम खोल कोरतो, म्हणजे पुढच्या काही हंगामांच्या कातणीची जागा आधीच राखलेली असते. नवीन चरक घेताना दातांची खोली टेपनं मोजून घ्या. बाभळीचा नवा सरळ ओंडका पुन्हा कधी मिळेल, हे आपल्या भागात कुणी सांगू शकत नाही.